नऊ पावलं

गल्लीतल्या प्रत्येक घराला तेव्हा दारापुढे तीन पायऱ्या होत्या. चावीवाले बसायचे ते मात्र एकाच पायरीवर, शिंप्याच्या घराच्या सगळ्यात खालच्या. पहाटेचं पाणी सोडून झालं की खांद्याइतकी उंच लोखंडी चावी भिंतीला टेकवायची आणि तिथे बूड टेकायचं. शिंपीणवहिनी आतून चहाचा कप सरकवायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजी, आज धार बारीक होती."

"तुमच्यासाठी वेगळी सोडू का?"

"सोडा की. शेजारीपाजारी काय म्हणतील ते मी बघून घेईन."

चावीवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. नगरपालिकेच्या पाणीखात्यात ते चौतीस वर्षं जमिनीखालचे व्हॉल्व्ह उघडायचं आणि बंद करायचं काम करत होते, म्हणून सगळे त्यांना चावीवाले म्हणत. त्यांच्या भागात एकूण एक्केचाळीस व्हॉल्व्ह. कचेरीत नकाशा होता, पण नकाशात व्हॉल्व्ह जिथे होता तिथे खणलं तर निघायचा नुसता मुरूम. चावीवाल्यांचं मोजमाप पावलांचं होतं. बेकरीच्या कोपऱ्यापासून सहा. घड्याळजीच्या खिडकीपासून अकरा, तिरकं. आणि या गल्लीचा मुख्य व्हॉल्व्ह: शिंप्याच्या खालच्या पायरीपासून, टपालपेटीकडे तोंड करून, नऊ पावलं. डोळे मिटून चालले तरी शेवटचं पाऊल झाकणावर पडायचं.

"एकदा माझ्या फितीनं मोजून कागदावर उतरवून ठेव," शिंपी म्हणायचा.

"फीत तुला लागते. माझं पाऊल म्हणजे पाऊल."

"अरे, मी जुन्या गिऱ्हाइकाचंसुद्धा माप दर वर्षी नव्यानं घेतो. माणूस शपथेवर सांगतो, कंबर तीच आहे. फीत म्हणते, नाही."

"कंबर वाढते रे. पाऊल वाढतं का कुठे?"

"वाढत नाही. तेच म्हणतोय मी," सुईत दोरा ओवत शिंपी म्हणाला. चावीवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं.

गल्ली बदलायला लागली ती खालून. दर तीन-चार वर्षांनी डांबराचा नवा थर यायचा, आणि जुना खरवडून काढायची तसदी कुणी घ्यायचं नाही. प्रत्येक वेळी रस्ता चार बोटं वर. एका वर्षी खालची पायरी रस्त्यात गेली. वहिनी म्हणाल्या, "बरंच झालं, गुडघ्यांना आराम." मग दुसरी गेली. त्या दोन थरांच्या मधल्या एका थंडीत शिंपी गेला. पुढे तिसरी पायरीही बुडाली, रस्ता उंबऱ्याला लागला, आणि मग उंबऱ्याच्याही वर चढला. "पूर्वी लोक आमच्याकडे चढून यायचे, आता उतरून येतात," वहिनी सांगायच्या. "आमची किंमतच उतरली म्हणायची."

वरचं बदललं ते नंतर, पण झपाट्यानं. बेकरीचं मोबाइलचं दुकान झालं, मग ती इमारतच पाडून सात मजली उभी राहिली. घड्याळजीच्या खिडकीच्या जागी गाड्या लावायचा तळ आला. टपालपेटी एका दुपारी टेम्पोत घालून नेली. ती कुठे नेली, हे कुणी विचारलंही नाही. शेजाऱ्यांनी एकेक करून सह्या केल्या आणि फ्लॅट घेतले. वहिनींनी केली नाही. एक मजल्याचं, चुन्या-मातीचं ते घर आणि पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन, एवढ्यावर त्यांचं चाललं होतं. कपडे आखूड-लांब करून घ्यायला सात मजल्यांवरून बायका उतरून यायच्या.

नोकरीत होते तोवर डांबर पडायच्या दिवशी चावीवाले प्रत्येक झाकणाजवळ पहारा द्यायचे. रोलरवाला ओरडायचा, "काका, सरका, नाहीतर तुमचंच झाकण होईल." झाकण उचलून नव्या उंचीवर बसवल्याशिवाय ते हलत नसत. निवृत्तीनंतर दोन थर पडले. त्या दोन्ही वेळी तिथे कुणी उभं नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी कारकुनानं ते सांगतील तशी सगळी यादी टाइप केली होती. "पाऊल म्हणजे किती फूट धरू?" त्यानं विचारलं.

"माझं पाऊल धरा," चावीवाले ऐटीत म्हणाले. सगळी कचेरी हसली. कारकुनानं 'नऊ पावले' असंच टाइप केलं.

त्याला अकरा वर्षं झाली. एका दुपारी वहिनींच्या घराशेजारच्या प्लॉटवर पाया खणणाऱ्या यंत्राचा दात मोठ्या पाइपात घुसला. पाणी वर उसळलं आणि उताराला लागलं, आणि त्या गल्लीत उतार एकच उरला होता, वहिनींच्या दाराचा.

चावीवाल्यांना बोलवायला माणूस आला तेव्हा त्यांची लेक घरी होती. ती शाळेत शिकवायची. बापाचं वय एक्काहत्तर झाल्यापासून तिचा जीव कायम टांगणीला. "बाबा, सावकाश. काठी घ्या. बाबा, तिकडून नको," असं म्हणत ती गल्लीपर्यंत त्यांच्या मागे आली.

वहिनींना बाहेर काढून समोर खुर्चीवर बसवलं होतं, शेजारी मशीन. पाणीखात्याच्या तरुण इंजिनिअर मॅडम यादीचा कागद धरून उभ्या होत्या. "काका, हे नऊ पावलं कुठून?"

काठी लेकीच्या हातात देऊन चावीवाले थेट दारात, गुडघाभर पाण्यात उतरले. उंबऱ्यापासून खालच्या पायरीची कड तीन फुटांवर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वर येऊन त्यांनी कडेची जागा धरली, टपालपेटी जिथे नव्हती तिकडे तोंड केलं आणि चालले. एक, दोन, नऊ.

"इथे."

ब्रेकर लागला. डांबराखाली खडी, खडीखाली मुरूम. खड्डा दोन्ही बाजूंना रुंद केला. अर्धा तास गेला, पाऊण गेला. घराच्या आतून काही तरी तरंगत भिंतीवर आपटत होतं. चावीवाले पुन्हा पाण्यात उतरले, पुन्हा मोजलं, पुन्हा त्याच खड्ड्याशी आले. "इथेच आहे. दुसरीकडे जाईल कुठे?" ते म्हणाले.

"काका, पायरीबद्दल खात्री आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"त्या पायरीवर माझं अर्धं आयुष्य गेलंय, बाई."

लेक त्यांना हात द्यायला पुढे झाली. कोरड्या डांबरावर त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे उमटले होते, दारापासून खड्ड्यापर्यंत, शिवणीसारखे. ती त्या ठशांवरून चालत आली आणि मध्येच थांबली. मागे वळून पुन्हा चालून पाहिलं.

"बाबा, मी तुमच्या पावलात पाऊल टाकून चालतेय."

"मग?"

"कॉलेजात होते तेव्हासुद्धा मला तुमच्याबरोबर पळावं लागायचं."

चावीवाल्यांनी खाली पाहिलं. ठसे किती जवळजवळ पडले होते. एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे असावेत तसे. मग लेकीच्या हातातली काठी घेऊन त्यांनी पुढे टेकवली.

"अजून पुढे. चार, साडेचार फूट."

पाच मिनिटांत झाकण लागलं. चावी बसली. ती फिरवायचं बळ त्यांच्या मनगटात नव्हतं. दोघा कामगारांनी फिरवली आणि ते फेरे मोजत राहिले. तेराव्या फेऱ्याला पाण्याचा आवाज थांबला. त्या शांततेत घराची मागची भिंत खचली. आवाजही फार झाला नाही. धूळसुद्धा उडाली नाही, सगळं भिजलेलंच होतं.

चौथ्या दिवशी उरलेल्या भिंतीवर 'धोकादायक' असा कागद लागला. वहिनींचा भाचा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सहाव्या मजल्यावर राहायचा, तो न्यायला आला. सामान दोन फेऱ्यांत संपलं. चावीवाले मशीनपाशी उभे होते.

"वहिनी, चूक माझी आहे. तो म्हणत होता, फीत घे. मी ऐकलं नाही. पाऊण तास..."

"त्यांचं तुम्ही ऐकलंत कधी?" वहिनी म्हणाल्या. मग पदरानं मशीनचं चाक पुसत राहिल्या, कोरडं झालं तरी. "सहावा मजला आहे, भाऊजी. तिथे पाणी चढतं का हो नीट?"

"चढतं. पंप असतो."

"मग तुमचं काही काम नाही तिथे."

त्या हसण्यासाठीच म्हणाल्या होत्या. दोघांपैकी कुणालाही हसू आलं नाही.

महिन्याभरानं इंजिनिअर मॅडमचा फोन आला: काका, एक्केचाळीसही व्हॉल्व्ह दाखवाल का? चावीवाले गेले. लेकीनं सुट्टी काढली आणि काठीसकट बरोबर गेली. तीन दिवस ते एकेक जागा दाखवत फिरले. पाऊल मोजायचं नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. मॅडमनी पोलादी फीत लावली, फोनमधून आकडे उतरवले. हे आकडे आभाळातून, उपग्रहावरून येतात, इमारती पडल्या तरी बदलत नाहीत, असं त्या म्हणाल्या. "असं असेल तर फार चांगलं," चावीवाले म्हणाले.

शेवटी गल्लीतला व्हॉल्व्ह राहिला. घराच्या जागी हिरवे पत्रे ठोकले होते. मॅडमनी आकडे लिहिले आणि विचारलं, "शेऱ्यात काही लिहू?"

"लिहा. शिंप्याच्या खालच्या पायरीपासून साडेबावीस फूट."

मॅडमनी आजूबाजूला पाहिलं. पत्रे, डांबर, एक विजेचा खांब. "पायरी कुठाय, काका?"

"आहे," चावीवाले म्हणाले, आणि काठीचं टोक त्यांनी पत्र्यापुढच्या डांबरावर दोनदा आपटलं. "खाली आहे."

मॅडमनी ते लिहून घेतलं.