पायरीवरचं हसू

माजलगावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल हिवाळ्यात सकाळी पायरीवर बसून विनोदी पुस्तकं वाचायचे. धरणाकडून धुकं यायचं. त्यात आधी त्यांचं हसणं ऐकू यायचं, मग ते दिसायचे.

वडील गेल्यावर मी एक दुःखी कादंबरी मागितली. त्यांनी ती दिली नाही.

"थंडीत हे नगं, ताई. बसा जरा."

ते एका फजितीची गोष्ट मोठ्यानं वाचू लागले. पण गंमत यायच्या आधीच त्यांना हसू फुटायचं. चष्मा पुसून पुन्हा वाचायला घेत, पुन्हा तेच.

"थांबा, पुढं लई भारी हाय," ते कसंबसं म्हणाले.

ते पान काही पुरं झालं नाही. धुकं विरलं, ऊन पायांवर आलं, आणि कितीतरी दिवसांनी मी हसत होते, गोष्टीत पुढं काय घडलं ते न कळताच.