पंपाच्या खोलीला किती गुण

तपासनीसांच्या हॉलमध्ये सगळे त्यांना फटकळबाई म्हणत, तेही तोंडावर. बाईंना त्याचं काही नव्हतं. जन्म शाळेत भाषा शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतर घरी बसून नवऱ्याच्या सूचना ऐकण्यापेक्षा बरं, म्हणून लेखन-चाचणीचे निबंध तपासायला आल्या आणि रोज कपाळाला हात लावू लागल्या. विषय 'माझी आवडती जागा'. हजारो मुलं, पण जागा एकच, बाग! बागेत रंगीबेरंगी फुलं, फुलांवर फुलपाखरं, शेवटी 'अशी ही बाग मला फार फार आवडते'. शिकवणीत घोटून घेतलेलं, दुसरं काय! तरी गुणांच्या तक्त्यात चपखल बसतं ना, मग द्या पाचपैकी पाच.

त्या दुपारी संगणकाच्या पडद्यावर एक निबंध आला. सुरुवात नाही, शेवट नाही, जेमतेम चार ओळी. 'जिन्याखाली पाण्याच्या पंपाची खोली आहे. पंप चालू असला की आईबाबांचं भांडण ऐकू येत नाही. बंद झाला की कान दाबून बसावं लागतं. म्हणून मला ती आवडते, पण पंप फार लवकर बंद होतो.'

"याला म्हणतात लिहिणं!" बाई मोठ्यानेच म्हणाल्या आणि ठोकले पाच.

लगेच पर्यवेक्षक हजर. "बाई, याला दोन आहेत. बदला."

"कुणी ठरवलं?"

"समितीने. प्रस्तावना नाही, समारोप नाही."

"डोंबलाची प्रस्तावना! मी नाही बदलणार."

"मग उद्यापासून येऊ नका."

"नाही येत, जा! पण त्या लेकराला पाच मिळालेच पाहिजेत."

अख्खा हॉल माना वळवून बघत होता. अर्धा तास हुज्जत चालली. शेवटी पर्यवेक्षक वैतागून समोर बसला. "अहो, हा गेल्या वर्षीचा निबंध आहे. तुम्ही नीट तपासता का, ते बघायला आम्ही जुने निबंध मध्ये घुसडतो. त्याचा निकाल केव्हाच लागला. दोन मिळाले, संपलं."

बाईंचा चढलेला आवाज एकदम खाली आला.

"आणि हे वाचून त्याच्या शाळेत कुणी फोन केला?"

"फोन? कशासाठी?"

बाई त्याच्यावर खेकसणारच होत्या. पण एवढा वेळ गुणांसाठी भांडताना त्यांना स्वतःला तरी कुठे सुचलं होतं? त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"दोन तर दोन, घाला," त्या म्हणाल्या. "आधी त्या शाळेचा नंबर द्या."