सरांची हरणारी टीम

सर बेसबॉल बघायचे ते पडद्यावर बोट ठेवून. बोट चेंडूवर नसे, फेकणाऱ्यावर नसे, बॅट घेऊन उभ्या असलेल्यावरही नसे. ते त्याच्या पाठीमागे, जाळीच्या पलीकडे बसलेल्या प्रेक्षकांवरून रांगेरांगेने फिरत असे. हजेरी घेताना मास्तरांचं बोट वहीवर फिरतं तसं. आणि त्याच वेळी तोंडाने संघाचा उद्धार चालू असे. त्यांच्या टॅबच्या काचेवर त्या एकाच पट्ट्यात बोटाचा तेलकट डाग पडलेला होता. बाकीची काच स्वच्छ होती.

आमची घरं लातुरात एकाच भिंतीची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, एकटा राहणारा. तिकडे अमेरिकेत संध्याकाळचा सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेपाच वाजलेले असतात. त्या वेळी भिंतीपलीकडून सरांचा आवाज येई. "अरे खांद्यानं काय फेकायलास? कंबर कुठं गेली तुझी? घरी ठेवून आलास का?" सुरुवातीला मला वाटलं होतं की घरात कुणाशी तरी भांडण चाललं आहे. मग एका सकाळी काकूंनीच मला भिंतीवरून सांगितलं, "भिऊ नका. टीम हरायली त्यांची." मी चौकशीला म्हणून गेलो आणि पुढची तीन वर्षं जातच राहिलो. काकू वाटीभर चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा पुढे ठेवत. मी सरांच्या शेजारी बसून राही.

सरांनी नायगावच्या शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली. बाकीचे मास्तर कबड्डी आणि खो-खोत रमलेले असताना ह्यांनी मुलींना सॉफ्टबॉल शिकवला. बेसबॉल हा त्याचाच थोरला भाऊ. त्यामुळे संघावर बोलायचा आपल्याला हक्क आहे असं ते मानत. "माझ्या नायगावच्या पोरी अनवाणी खेळायच्या," ते म्हणत, "तरी असला सोपा कॅच एकीनं सोडला न्हाई. आन् हे बघा. कोटी कोटी घेत्यात आन् हातातून बॉल सांडत्यात. पैसे घेऊन एवढं हरायला लई मोठं काळीज लागतं बरं का, लायब्ररीवाले." मालकावर त्यांचा राग फार. चांगला खेळाडू तयार झाला की मालक त्याला दुसऱ्या संघाला विकून टाकी. "पोरगं जरा रांगेला लागलं की लावला बाजार," असं म्हणून ते टॅबकडे पाठ करून बसत. पण दोन मिनिटंच. मला त्यातलं निम्मंही कळत नसे. मी मान डोलवत असे, आणि तेवढ्याने त्यांचं भागत असे.

हा दूरच्या एका तळ्याकाठच्या शहरातला संघ सरांचा कसा झाला, तर मुलामुळे. शिवा त्या शहरात नोकरीला होता. पहिल्या पगारातून त्याने मैदानाचं तिकीट काढलं आणि तिथून वडिलांना फोन लावला. "अप्पा, तुम्ही शिकवलेलं सगळं हिथं खरंच खेळत्यात," तो म्हणाला होता. हे वाक्य सर सांगत तेव्हा त्याचाच आवाज काढून सांगत. पुढे दर सामन्याला फोन. बाप इथे, लेक तिथे, आणि दोघे मिळून एकाच संघाला शिव्या. मग एका बर्फाच्या दिवशी शिवाची गाडी रस्त्यावरून घसरली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सरांच्या समाजात माणूस गेला की जाळत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवतात आणि बसलेलाच मातीत देतात. शिवाला आणायला तीन आठवडे तरी लागतील, असं तिकडून त्याच्या मित्रांनी कळवलं. कागद, परवानग्या. तिथेच अग्नी द्यायचा का, असं त्यांनी विचारलं. सर फोनवर "हाव" म्हणाले. एवढंच म्हणाले. नंतर राख आली. उदगीरच्या भाऊबंदांनी सांगितलं म्हणून ती नांदेडला गोदावरीत सोडली. "नदी काय बसू देती का कुणाला?" सर मला एकदा म्हणाले. "माझं पोरगं बसलंच न्हाई. मी हाव म्हणलो आन् ते उभ्या उभ्याच गेलं."

मी जायला लागून वर्ष झालं असेल, तेव्हाची गोष्ट. सामना पार हातचा गेला होता. नऊपैकी सातवा डाव संपत आला होता. तिकडचे लोक अशा वेळी उठून घरी जातात. सरांनी एकदम माझं मनगट धरलं. "या हिकडं. बोलू नका. बघा."

जाळीमागच्या रांगा रिकाम्या झाल्या होत्या. वरून तिसऱ्या रांगेत एक माणूस राहिला होता. निळी टोपी, डोळ्यांपर्यंत ओढलेली. माणूस उठला की आपोआप मिटणाऱ्या तिथल्या घडीच्या खुर्चीवर तो मांडी घालून बसला होता.

"शिवा परीक्षेला बी बाकावर मांडी घालूनच बसायचा," सर अगदी हळू म्हणाले. "हेडमास्तरांनी छडी मारली तरी पाय खाली सोडले न्हाईत त्यानं."

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. मोसमभराचं तिकीट काढलेला कुणी एक माणूस असेल, त्याला तशी बसायची सवय असेल, तो आपलाच कुणी देशबांधवही असेल. असं मी सरांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. पण पुढच्या हरलेल्या सामन्यातही तो होता, त्याच्या पुढच्यातही. मी लक्ष देऊन पाहू लागलो. चेंडू उडून जाळीवर आदळे तेव्हा पुढचे लोक अंग चोरत. तो हलत नसे. टाळी वाजवत नसे, काही खात नसे, फोनकडे बघत नसे. एकदा मी चित्र थांबवून दोन बोटांनी मोठं केलं. टोपीखाली नुसते करडे चौकोन झाले. सरांनी माझा हात बाजूला केला. "मोठा करू नका," ते म्हणाले. "मोठा केला की जातो."

आता त्यांची अडचण अशी झाली की, संघ जिंकत असला की लोक जात नसत. ते उभे राहत, हात उंचावत, आणि त्यांच्या पाठीमागे तिसरी रांग दिसेनाशी होई. शिवा दिसायचा तो फक्त हरताना. सर हाडाचे मास्तर. आपल्या संघाने हरावं असं मनात येणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. म्हणून ते अधिकच जोरात ओरडत, जिंका म्हणून अक्षरशः विनवत. मला ते ओरडणं ऐकवत नसे. एका सकाळी आमचा संघ आठव्या डावापर्यंत तीन धावांनी पुढे होता. सगळं मैदान उभं राहिलेलं. सर गप्प. त्यांचं बोट उभ्या लोकांवर थांबलेलं. शेवटी एका खेळाडूच्या हातून सोपा झेल सुटला, मग दुसरी चूक, मग तिसरी, आणि सामना गेला. लोक उठून निघाले. सरांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मी दुसरीकडे बघितलं. पाठोपाठ चापटीचा आवाज आला. त्यांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली होती.

"त्या पोराच्या हातून झेल सुटला न्हाई," ते म्हणाले. "मी सोडायला लावला."

काकू ह्या सगळ्यापासून लांब असत. टॅबकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. "चाळीस वर्षं झाली लग्नाला," त्या स्वयंपाकघरातून म्हणत, "एवढं बोट धरून माझ्याकडं कधी बघितलं न्हाई." सरही सोडत नसत. "तू कुठं हरायलीस? तू तर रोज जिंकतीस." असं चाले. पण तिसऱ्या वर्षी सर वाळत चालले. रात्रीचं जेवण सुटलं. हृदयाच्या डॉक्टरांनी सकाळची दगदग बंद करायला सांगितली, तेव्हा सर त्यांना म्हणाले, "मी नुसता बसलेला असतोय की, डॉक्टरसाहेब." मी दारात चपला घालत असताना काकू मला हळूच म्हणाल्या, "ह्यांचा जीव तिकडं जाऊन बसलाय. हिथं नुसतं धोतर ऱ्हायलंय."

मोसमातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आला. त्यानंतर ते मैदान सहा महिने बंद राहणार होतं. आमचा संघ अकरा धावांनी मागे. शेवटचा डाव. तिकडे बारीक पाऊस पडत होता, राहिलेलेही निघून गेले होते. तो होता. पावसात, तसाच.

सरांनी हाक मारली. "अगं, ये जरा. एकदाच बघ. तू आई हाय. तू न्हाई म्हणलीस तर मी मानतो."

काकू पदराला हात पुसत आल्या. आत जाऊन चष्मा आणला. सरांनी बोट ठेवलं. त्या किती वेळ बघत होत्या मला सांगता येणार नाही. दोन-तीन चेंडू टाकून झाले असतील. मग त्या सरांना म्हणाल्या, "कामून बसवून ठेवलंय त्याला? सगळे गेले की घरी." आणि काचेपाशी वाकून, दार लोटून मुलाला झोपेतून उठवावं तशा आवाजात म्हणाल्या, "शिवा. ऊठ बाबा. लई झालं. भिजायलास."

फेकणाऱ्याने चेंडू टाकला. कॅमेरा चेंडूमागे जाऊन परत आला. तिसरी रांग रिकामी होती. खुर्चीची घडी मिटलेली होती.

सरांचं बोट तिथेच होतं. ते त्यांनी हळूहळू उचललं, मांडीवर ठेवलं. शेवटचा खेळाडू बाद झाला. मग त्यांनी टॅब बंद केला आणि म्हणाले, "भूक लागली गं."

काही दिवसांनी मी काकूंना एकटं गाठून विचारलं, "काकू, तो शिवाच होता का?"

त्या ज्वारी निवडत होत्या. "मला काय दिसतंय एवढं? निळं काही तरी दिसलं. मला ह्यांना उठवायचं होतं तिथून."

"मग तो उठला कसा?"

त्यांचे हात थांबले. "तेच मी बी रोज इचारायले," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकलेले हाव. तुम्ही सांगा."

सर त्यानंतर जेवू लागले, संध्याकाळी चालायला जाऊ लागले. माझ्याशी पुस्तकांवर बोलू लागले. संघाचं नाव त्यांनी काढलं नाही. थंडी संपता संपता एका दुपारी अंघोळ करून ते पूजेला बसले आणि बराच वेळ झाला तरी उठले नाहीत. काकूंनी भिंतीवरून हाक मारली तेव्हा मी गेलो. ते पाटावर मांडी घालून, भिंतीला टेकून बसले होते. डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं. कपाळावरची विभूती अजून ओलसर होती. उदगीरचे भाऊबंद आले, स्वामी आले. जाणत्यांनी सरांच्या गुडघ्याला हात लावून पाहिला आणि एकमेकांकडे बघितलं. "ह्यांना बसवायची गरज न्हाई," त्यातले एक म्हणाले. "बसलेच हाईत."

त्यांना तसंच सजवलेल्या लाकडी विमानात ठेवून खांद्यावरून नेलं. खड्ड्यात उतरवल्यावर मी पहिल्यांदा वाकून पाहिलं. विभूतीचे गोळे, बेलाची पानं, आणि मधे सर. शाळेच्या मैदानाच्या कडेला बसून मुलींचा खेळ बघत असावेत तसे. माती टाकताना सगळ्यांत शेवटपर्यंत त्यांचा चेहरा दिसत होता. मला तो अजून दिसतो. हे लिहायला मला इतके महिने लागले, त्याचं कारण तेच.

एप्रिल लागला तसा तिकडचा नवा मोसम सुरू झाला. मला ते माहीतही नव्हतं. एका सकाळी सव्वासातला दार वाजलं. काकू टॅब घेऊन उभ्या. "लावा की जरा. मला जमंना."

आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो. संघ हरत होता. काकूंनी चष्मा नीट केला आणि विचारलं, "हे कसं जिंकायचं असतंय? इतकी वर्षं घरात चाललं, पण ह्यांनी कधी सांगितलं न्हाई. मी बी इचारलं न्हाई."

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला काही आठवेना. तीन वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी रोज बसलो होतो आणि खेळ बघितलाच नव्हता. काही तरी जुळवून सांगावं म्हणून मी पडद्याकडे बघू लागलो. सातवा डाव चालू होता. लोक उठून चालले होते. मागच्या रांगा एकेक करून मोकळ्या होत होत्या. माझी नजर एका रिकाम्या खुर्चीवरून दुसऱ्या रिकाम्या खुर्चीवर जात होती. मी कुणाला शोधतो आहे हे मला कळलं होतं.

काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांचा हात थंडगार होता.

"तिकडं नका बघू," त्या म्हणाल्या. "बॉलकडं बघा."

मी बॉलकडे बघू लागलो. तो फार लहान होता आणि फार वेगाने जात होता. मला तो दिसायला लागेपर्यंत आमचे दोघं जण बाद झाले होते.