पायरीच्या पोटात

पाथरवट म्हातारा झाला तरी त्याचे कान तिखट होते. हातोडा लावला की आवाजावरून चीर किती खोल गेलीय ते सांगायचा. लोक वाहवा करायचे, पण निम्मी अक्कल पालींची होती हे त्यालाच ठाऊक. खाणीच्या टेकडीत चपट्या, दगडाच्याच रंगाच्या पाली राहायच्या. दिवसभर कपारीत, उन्हं कलली की बाहेर. पाल शेपटीसकट नाहीशी होते तिथे दगड सरळ फुटतो, हे वडिलांनी शिकवलेलं. सोबत एक नियमही: छिन्नी घालण्याआधी तीनदा ठोकायचं आणि घोटभर पाणी पिऊन होईस्तोवर थांबायचं; पाली घोळक्याने बाहेर आल्या तर आत अंडी आहेत समजून ती चीर सोडायची.

"दुसऱ्याच्या घरात शिरतोयस, दार तरी वाजव," वडील म्हणायचे.

चाळीस वर्षांत त्याने हा नियम एकदाच मोडला.

त्या दिवशी पाहणीला वनखात्याच्या एक बाई आल्या होत्या. या दुर्मिळ पाली सापडल्या तर खाण बंद, हे मालकाने सगळ्यांच्या कानावर घातलं होतं. जावई तिथेच ट्रक चालवायचा.

"बाबा, या खडकात पाली आहेत का?" बाईंनी विचारलं.

"छे हो. या तापल्या दगडात कोण मरायला राहील?"

मग मालक म्हणाला, बाईंना दगड फोडून दाखव. ठोकलं असतं तर पाली भराभरा बाहेर आल्या असत्या. त्याने न ठोकताच छिन्नी घातली. फरशी सुटली, पण बाई पुढे जाईपर्यंत त्याने ती उलटली नाही. आतल्या अंगाला मटाराएवढी पांढरी अंडी चिकटलेली होती, जोडीजोडीने, सगळी फुटून ओली झालेली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्याने फरशी घरी आणली आणि अंड्यांची बाजू खाली करून दाराशी पायरी बसवली. बायको खूश झाली. "जन्मभर लोकांची घरं बांधलीत, आपल्यासाठी पहिल्यांदा काही आणलंत." ते त्याला फार लागलं. वर्षभर तो त्या पायरीवर पाय न ठेवता उडी मारूनच आत यायचा.

"गुडघे गेलेत आणि माकडउड्या बघा," बायको म्हणायची.

काल बाई पुन्हा आल्या. जावई आत जेवत होता. बाई पायरीवरच उभ्या राहिल्या. "मागच्या वेळी तुमच्या शब्दावर मी सही केली, बाबा. आता मालक उरलेली टेकडी मागतायत. तिथेही नाहीत ना?"

"जरा बाजूला व्हा," म्हातारा म्हणाला. त्याने पहार आणली आणि पायरी उलटी केली. मातीखाली अंड्यांची पांढरी वर्तुळं अजून होती. बाईंनी खाली बसून बोटाने मोजली. अठ्ठावीस.

"यातून किती पिल्लं बाहेर पडली?"

"एकही नाही. मी ठोकलं नव्हतं."

आत जावयाचा घास हातातच राहिला.

"पलीकडे अजून आहेत," म्हातारा म्हणाला. "चला, ठोकून दाखवतो." त्याने कोपऱ्यातला हातोडा उचलला. जावयाकडे बघायचा धीर मात्र त्याला झाला नाही.