हाकेच्या अंतरावर एक माणूस

ठाण्यात, माजिवड्याच्या आमच्या सोसायटीत फांद्यांचा भुगा करणारं यंत्र आलं ते माझ्या भांडणामुळे. छाटलेल्या फांद्या मागच्या भिंतीशी जाळायची रीत होती आणि धूर खालच्या घरांत शिरायचा. सभेत मी एकटीच उभी राहून बोलले, बहुधा गरजेपेक्षा मोठ्यानं. सेक्रेटरी म्हणाले, "बरं, मशीन आणू. चालवणार कोण? तुम्हीच चालवा." सगळे हसले. मी हो म्हणाले.

माझे वडील डोंबिवलीच्या एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बेरजा शिकले, छापील बाजूवर वाचायला. यंत्राचं संरक्षक झाकण काढून माणसाला कामाला लावणं हा गुन्हा आहे, हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं. त्यामुळे यंत्रासोबत आलेले नियम मी अगदी मनापासून वाचले. ओढणी नको, बांगडी नको, केस घट्ट बांधलेले. डोळ्यांवर चष्मा, कानांवर टोपणं. फांदी जाड टोकानं आत सोडायची, आपण बाजूला उभं राहायचं. हात आत कधीच नाही. उरलेला तुकडा दुसऱ्या फांदीनं ढकलायचा. सगळं जमण्यासारखं होतं. अडलं ते शेवटच्या ओळीपाशी: यंत्र एकट्यानं चालवू नये, बटण बंद करू शकेल असं एक माणूस हाकेच्या अंतरावर असावं.

वडील गेल्यावर डोंबिवलीची जागा विकून मी इथे आले. हाकेच्या अंतरावर दोन विंगा भरून माणसं राहतात. हाक कोणाला मारायची, ते मात्र मला सुचेना.

दसऱ्यानंतर छाटणी झाली. ढीग रविवारी संपला नाही तर सोमवारी पेटवणार, असं सेक्रेटरींनी बजावलं. मी लिफ्टमध्ये पत्रक चिकटवलं. "रहिवासी बंधू-भगिनींनो! धुराविरुद्धच्या या लढ्यात आपलं सक्रिय सहकार्य अपेक्षित आहे!"

रविवारी सकाळी खाली कोणीच नव्हतं. दुधाची पिशवी घेऊन जाणारे एक गृहस्थ थांबले. "मॅडम, मोर्चा कुठून निघणार? नौपाड्यातून?" आणि स्वतःच हसत वर गेले.

मी वायर लावली, यंत्र तपासलं, आणि तशीच उभी राहिले. एकटीनं चालवलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण मला भीती त्याचीच होती. मला काही झालं असतं, तरीही कोणाला कळलं नसतं.

इतक्यात माझ्या मजल्यावरच्या काकू जास्वंदीची फुलं तोडायला आल्या. आमची ओळख दारातल्या हसण्यापुरती.

"अगं, अशी का उभी? बंद पडलं का ते?"

"नाही. माणूस हवंय. पत्रक लावलं होतं मी, सहकार्यासाठी."

"ते तुझं होय! मला वाटलं, वर्गणी मागतायत. अगं, सोबत हवी असं लिहायचं सरळ. सहकार्य कोण वाचतं?"

वडिलांच्या पत्रकांत एकजूट होती, लढा होता. सोबत हा शब्द नव्हता. एकजुटीची हाक ताठ मानेनं देता येते. सोबत मागायची तर आपण एकटे आहोत हे आधी कबूल करावं लागतं. मी मान वळवली. भिंतीपाशी वॉचमननं आधीच रॉकेलचा डबा आणून ठेवलेला दिसत होता.

"काकू," मी म्हणाले, "याल का सोबतीला?"

"येते की. खुर्ची दे. गुडघे उभं राहू देत नाहीत."

मी खुर्ची प्लगपाशी ठेवली, उडणाऱ्या ढलप्यांपासून लांब. पदर खोचायला सांगितला, बटण दाखवलं. "मी हात वर केला की बंद."

"कळलं गं. मिक्सर चालवते मी."

ढीग निम्मा उतरला आणि यंत्र घरघरून अडकलं. मी हात वर केला. काकूंनी बटण बंद केलंच, वर प्लगही काढला. पातं पूर्ण थांबेपर्यंत मी वाट पाहिली, मग झाकण उघडलं. पात्याभोवती झेंडूच्या तोरणाचा नायलॉनचा दोरा गच्च गुंडाळला होता.

"कोणी टाकलं हे फांद्यांत?" मी चिडून ओरडले.

"मीच," काकू म्हणाल्या. "देवाचं तोरण. कचऱ्याच्या डब्यात कसं टाकू?"

यावर माझ्याकडे एक अख्खं भाषण तयार होतं. पण मागे वळले तर त्या प्लग मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

"पिन माझ्याकडे आहे. घाल तू हात बिनधास्त."

मी हात आत घातला. दोरा बोटभर लांबीच्या तुकड्यांनी सुटत गेला. सगळा निघाल्यावरही मी पात्याजवळची ओली सालं उगाच खरवडत राहिले. मागे कोणीतरी बसलेलं होतं, आणि मला एवढ्यात उठायचं नव्हतं.