वहिनींनी सर्व्हरला ठेवलेलं नाव

अख्खी इमारत तिला वहिनीच म्हणायची, कारण तिचा दीर तिला वहिनी म्हणायचा आणि दिराचा आवाज मोठा होता. ती नोकरीला होती ते टेलिफोन एक्स्चेंज बंद पडल्यावर ती घरी बसली, तेव्हा दिराच्या कंपनीला माणूस हवंच होतं. कंपनी म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत दिराचा सोफा, मागच्या खोलीत सर्व्हरच्या पंख्यांची घरघर. लोकांच्या वेबसाइटी आणि ईमेल त्या सर्व्हरवर असायचे. गिऱ्हाईक आणणं दिराचं काम, बाकी सगळं हिचं. आणि नवं गिऱ्हाईक आलं की दीर सोफ्यावरूनच हात करायचा, "या आमच्या वहिनी. फोन घेतात."

ती ऐकून घ्यायची. पण घरी नवऱ्यापुढे दिराला ती 'अजगर'च म्हणायची. जेवतो, लोळतो आणि जवळ येईल त्याला गिळतो. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. दीर वरच्या मजल्यावर राहतो म्हणून तो बिचारा खिडकी लावून घ्यायचा. "हळू बोल गं, वर ऐकू जाईल."

"जाऊ दे की!"

जुना सर्व्हर धापा टाकायला लागला म्हणून नवा आणला. दुपारी ती त्याची मांडणी करत बसली होती. पडद्यावर चौकट आली : सर्व्हरचं पूर्ण नाव लिहा. दीर दारात येऊन उभा राहिला.

"कंपनीचं नाव टाका की. त्यात विचार कसला करताय?"

"ते आपल्या वेबसाइटचं नाव आहे, भाऊजी. मशीनलाही तेच दिलं तर दोघांच्या टपालाचा घोळ होईल. आधी मशीनचं नाव, मग टिंब, मग कंपनीचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. आणि डोमेन तुमच्या एकट्याच्या नावावर आहे. कंपनीच्या नावावर करा म्हणून किती वेळा सांगितलं!"

"करू. तुमचा माझ्यावर भरवसा नाही का?"

"नाही."

तो हसला. "मशीनचं नाव तुम्हीच ठरवा मग. नावं ठेवण्यात तुमचा हात कोण धरणार, वहिनी!" आणि जाऊन सोफ्यावर आडवा झाला.

हात आपोआप चालला, असं ती पुढेही कधी म्हणाली नाही. तिने सावकाश, एकेक अक्षर दाबून 'अजगर' लिहिलं, इंग्रजी लिपीत. मग टिंब, मग कंपनीचं डोमेन. त्या नावाची नोंद डोमेनच्या खात्यात केली, इंटरनेटवाल्यांकडूनही हवी ती नोंद करून घेतली. कामात कसर ठेवली नाही. मशीन झकास चाललं. कोणाचंही पत्र बाहेर पडलं की त्याच्या पोटात ते नाव जायचं आणि कोणी बघायचं नाही. दीर "फोन घेतात" म्हणाला की ती आता गोड हसायची.

मग गिऱ्हाइकांपैकी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून एका पेशंटचा ईमेल पत्ता चुकला आणि पत्र परत आलं. परतीच्या चिठ्ठीवर सर्व्हरचं पूर्ण नाव होतं. बाईंनी फोन केला. वहिनी जेवायला गेली होती, म्हणून फोन नेमका दिराने घेतला.

"अहो, तुमचा अजगर माझी पत्रं परत पाठवतोय!"

दुसरा कोणी असता तर हसला असता. पण वर ऐकू जाईल म्हणून नवरा घाबरायचा, ते खरंच जात होतं. संध्याकाळी दिराने तिला न सांगता डोमेनच्या खात्यातून त्या नावाची नोंद पुसून टाकली.

सकाळपासून सगळ्या गिऱ्हाइकांची पत्रं परत यायला लागली. समोरचे सर्व्हर विचारत, तू कोण? हा सांगे, अजगर. ते नाव शोधत, कुठेच सापडत नसे, की दार बंद. वहिनीला कारण कळायला वेळ लागला नाही. ती पुढच्या खोलीत आली.

"नोंद तुम्ही काढलीत?"

"मला काय कळतं त्यातलं? मी आपला अजगर."

"लोकांची कामं अडलीयत, भाऊजी."

"शिवी देताना लोक आठवले नाहीत?"

"शिवी लोकांना नव्हती."

"डोमेन माझं आहे. माझ्या दारात उभं राहून मलाच शिव्या?"

फोन वाजतच होता. तिने तो उचलून तसाच त्याच्या मांडीवर ठेवला. "घ्या. फोनच घ्यायचा असतो इथे."

मागच्या खोलीत जाऊन तिने स्वतःच्या नावावर एक डोमेन घेतलं. चौकट पुन्हा समोर आली. घोरपड, मगर, बरंच काही सुचलं. शेवटी 'पहिला' असं साधंच नाव टाकलं, सगळ्या नोंदी नव्याने केल्या. अंधार पडेपर्यंत पत्रं जायला लागली.

दीर दारात आला. "म्हणजे आता माझ्या मशीनची दोरी तुमच्या हातात?"

"हो. कसं वाटतं?"

"उद्यापासून येऊ नका."

ती गेली, पण एकटी नाही. डॉक्टरीणबाई आणि निम्मी-अर्धी गिऱ्हाइकं तिच्यामागे गेली. दिराने पगारी माणूस ठेवला आणि मशीनला तिसरं नाव दिलं. तिने कामासाठी रस्त्यापलीकडे खोली घेतली. नवरा दोन्हीकडे चहा पितो आणि दोन्हीकडे बोलणी खातो.

परवा इमारतीच्या जिन्यात वहिनी आणि दीर समोरासमोर आले. जिना अरुंद, कोणीतरी मागे सरायला हवं होतं. कोणीच सरेना. शेवटी खालून शेजारीण पिशव्या घेऊन आली, "अहो, वाट द्या की!" म्हणाली. दोघंही तिच्यासाठी भिंतीला चिकटले, ती गेली आणि दोघं पुन्हा जिन्याच्या मधोमध आले.