गेटबाहेरचं पाणी

रायपूर राजधानी झालं तेव्हा मी पाण्याच्या प्लांटवर केमिस्ट होते. थोड्याच दिवसांत मला शिफ्टची इन्चार्ज केलं. त्यात कौतुकाचं काही नव्हतं. जुने इन्चार्ज राज्याच्या वाटणीत भोपाळला गेले आणि त्यांच्या खुर्चीवर बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. हाताखालचे ऑपरेटर सगळे पुरुष, सगळे माझ्याहून वयानं मोठे. त्यांना हुकूम द्यायचा म्हणजे आधी घसा साफ करावा लागे.

शहराला तेव्हा बसायलाच वेळ नव्हता. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरलं होतं. कालपर्यंत ज्या बंगल्यात डॉक्टर राहायचा तिथं आज पोलीस उभा. नव्या कॉलन्या उगवत होत्या, प्रत्येकीची उंच टाकी आणि प्रत्येक टाकीमागं एक फोन. "हमारे यहां पानी नहीं आया." नदी मात्र तीच आणि प्लांटही तोच, जुन्या शहराच्या मापानं बांधलेला. पाणी वाढवता येत नव्हतं, म्हणून आम्ही वेळ कापत होतो. जुन्या पाऱ्यांचा, म्हणजे मोहल्ल्यांचा, वेळ थोडा थोडा कापायचा आणि नव्या कॉलन्यांना द्यायचा. वरून सांगितलं जाई, आम्ही व्हॉल्व्ह फिरवायचो.

मी एका जागी बसू शकत नसे. गाळ बसवणाऱ्या क्लॅरिफायरवर जायचं, तुरटी बघायची, तिथून फिल्टरवर, तिथून पंपहाउस, परत लॅब. पंपाचा आवाज जरा बदलला की उठायचं. घरी गेल्यावरही तेच. आई म्हणायची, "बस नं एका जागी. काहून येरझारा घालून राहिली? घरात काय पंप हाय?" बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. ते पेपरमागून म्हणायचे, "राहू दे तिले. ड्युटी अंगात भिनते."

माझ्या टीममध्ये दोघं महत्त्वाचे. एक फिल्टर ऑपरेटर, छत्तीसगढी, पांढऱ्या मिशांचा, बारीक अंगाचा. सगळे त्यांना कका म्हणत, म्हणजे काका. मीही तेच म्हणू लागले. सकाळी गुडाखूनं, म्हणजे तिकडच्या तंबाखूच्या मिश्रीनं, दात घासत फिल्टरच्या कठड्यावर बसायचे. कुणी टोकलं तर मुद्दाम आणखी थोडा वेळ घासायचे. मला ते 'मॅडम' म्हणत, पण नजर पाण्यावर ठेवून. दुसरे पंपाचे ऑपरेटर, आमच्यासारखेच विदर्भातून आलेल्या घरातले. त्यांना मी भाऊ म्हणे. भाऊ माझ्याशी मराठीत बोलत, बाकीच्यांशी हिंदीत आणि पंपाशी शिव्यांत.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी शिफ्ट बदलताना मी ककांना लॅबच्या नळावर प्लास्टिकची कॅन भरताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी भाऊही कॅन घेऊन उभे. मग एकेक करून सगळेच. सायकलींच्या कॅरिअरला कॅन बांधून माझी टीम घरी जायला लागली. मला राग आला. आपल्याच मालावर भरवसा नसलेला हलवाई घरी दुसऱ्याच्या दुकानातून मिठाई नेतो तसं काहीतरी मला वाटलं, पण नेमकं तसंही नव्हतं. नेत तर आमचंच होते.

"कका, घरी नळ नाही का?"

ककांनी कॅनचं झाकण आवळलं. बोलले भाऊ. "मॅडम, ककाच्या पाऱ्यात पिलिया फैलून राहिला. घरोघरी कावीळ. आन् त्यायच्या सुनेलेच झाला. तिले दिवस हायेत."

"मग आधी का नाही सांगितलं?"

तेव्हा ककांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "पारा वाले मन कहिथें, तुंहरे प्लांट के पानी हे." पाऱ्यातले लोक म्हणतात, तुमच्याच प्लांटचं पाणी आहे.

मी त्यांना लॅबमध्ये नेलं, नमुने दाखवले. पाणी स्वच्छ होतं, क्लोरीन पुरेसं होतं. "इथलं पाणी चांगलं आहे, कका."

"हव," कका म्हणाले. "तभे त इहां ले लेगत हँव." म्हणून तर इथून नेतो.

ते सायकल घेऊन गेले. मी गेटपर्यंत आले आणि तिथंच उभी राहिले. गेटच्या आत एक पाणी आणि गेटच्या बाहेर दुसरं, आणि दोन्हींमध्ये फक्त एक पाइप. इतकी वर्षं मी ते पाणी नदीतून येताना पाहिलं होतं. ते जातं कुठं, हे मात्र नकाशावर पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमची शिफ्ट दुपारची होती, सकाळ मोकळी. मी दोघांना म्हटलं, उद्या सकाळी पाऱ्यात जाऊ. भाऊंना पटलं नाही. "आपलं काम प्लांटात, मॅडम. पाइपलाइनवाले वेगळे हायेत. लोकं आपल्यालेच धरतील." पण सकाळी लूना घेऊन तेच आधी हजर होते. मी मागं बसले, मांडीवर तपासणीची पेटी. त्या पेटीत काचेच्या नळ्या आणि थेंबांची बाटली असते. पाण्यात थेंब टाकला की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. रंग जितका गडद तितकं पाणी सुरक्षित. रंगच आला नाही, तर वाटेत काहीतरी त्यात मिसळलंय आणि क्लोरीन संपलंय.

मोठ्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर पाणी चांगलं पिवळं झालं. भाऊ खूश झाले. "पाह्यलं? आपलं पाणी!" गल्लीच्या तोंडाशी कका वाट पाहत होते, त्यांच्याबरोबर आत शिरलो. पहिल्या नळावर रंग फिका. त्यापुढच्या नळावर आणखी फिका. बाया पाण्याच्या गुंड्या घेऊन रांगेत होत्या. एक म्हणाली, "जांचने आए हो कि देखने आए हो, हम मरे कि नहीं?" भाऊ काहीतरी बोलणार होते, मी त्यांचा हात धरला. गल्लीच्या शेवटी नाली होती आणि घरोघरी जाणारे बारीक लोखंडी पाइप त्या नालीतूनच गेले होते, काळ्या पाण्यात बुडालेले, गंजलेले, मुळांच्या जुडीसारखे. तिथल्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकला. काही झालं नाही. भाऊंनी नळी हलवली, आणखी एक थेंब टाकला.

"थेंब खराब झाले असतील, मॅडम."

"नाही, भाऊ."

कका नळीकडे पाहतच नव्हते. ते रांगेतल्या बायांकडे पाहत होते. त्यातली प्रत्येक जण त्यांच्या ओळखीची होती.

त्यांचं घर तिथून जवळच. सून अंगणात खाटेवर बसली होती. डोळे हळदीसारखे. आम्हाला पाहून तिनं पदर डोक्यावर घेतला आणि सवयीनं उठून आत गेली, लोट्यात पाणी घेऊन आली. कका म्हणाले, "रहन दे." ती हसली. मला म्हणाली, "कॅन का है दीदी. आप ही के यहां का." तिच्या हातातून लोटा घेतला. मी ते सगळं पाणी प्यायले.

मी लोटा खाली ठेवला तेवढ्यात अंगणातला नळ खाकरला आणि बंद झाला. पाऱ्याची वेळ संपली होती. प्लांटवर कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवला असणार. नळातून सूं सूं असा आवाज येऊ लागला. मी का कोण जाणे, उठले आणि नळाच्या तोंडाला अंगठा लावला. नळ माझा अंगठा आत ओढत होता.

मी भाऊंना बोलावलं. त्यांनी अंगठा लावला, काढला, परत लावला. त्यांचा चेहरा उतरला. समजायला अवघड काहीच नव्हतं. आम्ही व्हॉल्व्ह बंद केला की पाइपातलं उरलंसुरलं पाणी उताराकडे निघून जातं, पाइप रिकामा होतो आणि जिथं चीर सापडेल तिथून बाहेरचं आत ओढतो. बाहेर नाली होती. जितक्या वेळा आम्ही बंद करणार, तितक्या वेळा तो नाली पिणार. आणि नव्या वेळापत्रकात आम्ही आधीपेक्षा जास्त वेळा बंद करत होतो.

मी तशीच साहेबांकडे गेले. साहेब भोपाळहून वाटणीत आलेले, कुटुंब अजून तिकडेच. वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. मी म्हटलं, त्या पाऱ्याची लाइन पूर्ण बंद करा, टँकर द्या, नालीतले पाइप काढून नवे टाका.

"बंद करेंगे तो हल्ला होगा, मॅडम."

"नहीं करेंगे तो लोग मरेंगे, सर."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पाइप का काम दूसरा सेक्शन देखता है. मैं लिख दूंगा. आपका काम गेट के अंदर है."

दुपारी शिफ्टवर मी सगळ्यांना पंपहाउसमध्ये बोलावलं. पाहिलं ते सगळं सांगितलं. मग म्हटलं, "मी ती लाइन बंद करायला सांगून राहिले, पुढच्या शिफ्टलाही उघडू देणार नाही. उद्या विचारलं तर मॅडमनं सांगितलं म्हणायचं."

भाऊ म्हणाले, "लोक मारतील आपल्याले."

"मारतील."

कुणीच हललं नाही. पंप चालू होता, आणि त्या आवाजात मला वाटलं, माझं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही. मग कका उठले. व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी भिंतीला टेकवलेली असायची, ती त्यांनी उचलली आणि बाहेर गेले. आपल्याच पाऱ्याचं पाणी त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केलं. परत येऊन चावी जागेवर ठेवली आणि फिल्टरवर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ड्युटीवर आलो तर गेटबाहेर गर्दी. रिकाम्या गुंड्या, बादल्या, पोरं कडेवर. कका सायकलवरून उतरले तसं एकानं त्यांची कॉलर धरली. शेजारचाच माणूस. "तोर बहू बीमार हे, त पूरा पारा ला पियासे मारबे का?" तुझी सून आजारी, म्हणून सगळ्या पाऱ्याला तहानेनं मारणार का? भाऊ धावले. ककांनी त्यांना हातानं थांबवलं. कॉलर न सोडवता त्या माणसाला म्हणाले, "आ. भीतरी आ. देख ले."

बाहेरच्यांना आत घ्यायचं नाही असा नियम होता. मी गेट उघडायला सांगितलं. बाया, माणसं, पोरं, सगळी आत आली. इतक्या लोकांना मी त्या अंगणात कधी पाहिलं नव्हतं. लॅबच्या टेबलावर दोन नळ्या ठेवल्या. एकीत आमच्या टाकीचं पाणी, दुसरीत आदल्या सकाळी त्यांच्या गल्लीतून आणून बाटलीत ठेवलेलं. दोन्हीत सगळ्यांसमोर थेंब टाकले. एक पिवळी झाली, दुसरी तशीच राहिली. नालीचं, पाइपाचं सगळं कका सांगत होते, त्यांच्या भाषेत, मोठ्यानं. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. कॉलर धरणारा माणूस त्या कोऱ्या नळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मोर नोनी घलो इही पिए हे." माझी पोरगीपण हेच प्यायलीय.

आम्ही सगळ्यांच्या गुंड्या भरून दिल्या. प्लांटच्या गेटवर गर्दी आहे ही बातमी शहरात पोचायला वेळ लागला नाही. ज्या फोनवर कॉलन्या तक्रार करायच्या त्यावर आता साहेब ओरडत होते. पण दिवस मावळायच्या आत पाऱ्यात टँकर उभे होते. पुढे गल्ली खोदली, नालीतले पाइप निघाले आणि नवे भिंतीच्या कडेनं गेले. माझ्याकडे खुलासा मागितला गेला, मी दिला. बदलीची गोष्ट निघाली आणि विरली. माझ्या खुर्चीवर यायला अजूनही कुणी तयार नव्हतं.

ककांच्या सुनेला आधी समता कॉलनीतल्या दवाखान्यात आणि मग मोठ्या इस्पितळात हलवलं. ती वाचली. बाळ वेळेआधी झालं, राहिलं नाही.

कका ड्युटीवर परत आले त्या दिवशी मी काय बोलावं हे ठरवत प्लांटभर फिरत होते. ते फिल्टर धुवायला घेत होते. खालून उलटं पाणी सोडलं की वाळूतला सगळा गाळ वर येतो, आणि पाणी निवळेपर्यंत उभं राहून बघावं लागतं. मी जवळ गेले, मागं वळले, परत गेले. त्यांनी कठड्यावर हात आपटला.

"नोनी, बइठ."

मॅडम नव्हे, नोनी. पोरी. मी बसले. आम्ही दोघं तो गाळ वाहून जाताना पाहत राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं, "चाबी त मोरे हाथ मा रिहिस." चावी तर माझ्याच हातात होती.

"कका, वेळ वरून ठरायची."

"हव," ते म्हणाले. त्यांना ते पटलेलं नव्हतं, आणि मलाही.

त्यानंतर माझ्या टीममधला कुणी ना कुणी पेटी घेऊन पाऱ्यांत जायला लागला. वरून परवानगी आली नाही आणि मनाईही आली नाही. भाऊ सगळ्यात जास्त जायचे. नळी पिवळी झाली नाही तर ते पाइपलाइनवाल्यांच्या दारात जाऊन बसायचे, आणि भाऊंची जीभ ठाऊक असल्यामुळं काम व्हायचं.

पुढे मोठा प्लांट झाला, नवी यंत्रं आली, कका रिटायर झाले. काही वर्षांनी त्यांच्या नातीच्या छठीचं, म्हणजे जन्मानंतरच्या सहाव्या दिवसाचं, जेवण होतं, तेव्हा मी गेले. सून अंगानं भरली होती, पोरगी गुटगुटीत. चुलीवर एक मोठं पातेलं खदखदत होतं. मला वाटलं भाताचं आधण असेल. ते नुसतं पाणी होतं.

"रोज उकळते?" मी विचारलं.

"रोज, दीदी. प्लांट का पानी अच्छा है, बाबूजी बोलते हैं," ती म्हणाली आणि लाकूड आत सारलं. "फिर भी."

ती माझ्याकडे पाहत होती. उकळायची काही गरज नाही असं मी म्हणावं, याची वाट पाहत असावी. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर एवढं वाक्य माझ्या तोंडून निघायला हवं होतं. मी खाटेवरून उठले, पातेल्यात डोकावले आणि तिला म्हटलं, "अजून थोडा वेळ ठेव."